तीनपदरी दोरी : बेळगावात बसून ख्रिस्ती प्रेम-थरारकथा कशी लिहायची

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिकडे पुस्तकांच्या दुकानात त्याला वेगळा कप्पा असतो, हार्लेक्विन प्रकाशनवाल्यांची तर 'लव्ह इन्स्पायर्ड सस्पेन्स' म्हणून अख्खी मालिकाच आहे, साधारण 55,000 शब्दांची आटोपशीर पुस्तकं, त्यात पाठलाग, धमक्या, खून सगळं, जोडीला प्रेम आणि जोडीला देव. शिव्या नाहीत, बेडरूमचं दार बंद. नायक-नायिका दोघांनी कुणीतरी गमावलेलं असतं, आणि शेवटी रक्ताच्या नात्याची नसलेली चार माणसं एका टेबलावर जेवायला बसतात. आपल्याकडची पोरं हे मोबाईलवर वाचतात आणि मग मराठीत लिहायला बसतात, आणि शेरीफच्या जागी पीएसआय घातला की झालं असं समजतात.

मी पण तेच केलेलं. माझ्या पहिल्या कादंबरीत नायिका जांबोटीच्या फार्महाऊसमध्ये दार लावून बसते, बाहेर पाऊस, आत भिंतीतली शेकोटी पेटलेली. सासूबाईंनी चष्मा लावून आठ पानं वाचली आणि विचारलं, "जांबोटीत घरात शेकोटी कोण पेटवतंय गे? धुरानंच मरंल की ती, खुन्याला काय काम राहिलं?" वही मिटली. त्यानंतर दोन वर्षं मी काही लिहिलं नाही, नुसतं बघत फिरले.

म्हणून हे लिहितेय. कॅम्पातल्या, खानापूरकडच्या, निपाणी-चिकोडीकडच्या ज्या कुणाला असलं काही लिहायचंय त्यांच्यासाठी. आणि परकं वाटायचं काही कारण नाही बरं का. बाबा पदमनजी आपल्या बेळगावात जन्मले, 1831 साली, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले, 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला तोही इथंच. त्यांची 'यमुनापर्यटन' 1857 ची, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बरेच जण तिचंच नाव घेतात, आणि विषय काय तर विधवांचं दुःख, त्यात नायिकेचा नवरा वाटेत मरतो आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन परत लग्न करते. म्हणजे शोक, श्रद्धा आणि दुसरं प्रेम, तिन्ही आलं की. पाठलाग तेवढा नाही.

आता मुद्द्याचं. बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकात 4:12 ला आहे, तीनपदरी दोरी लवकर तुटत नाही. लग्नात पाळक हमखास वाचतात तेच वचन. आपले तीन पदर म्हणजे थरार, प्रेम आणि श्रद्धा. बहुतेक जण हे तीन पदर वेगवेगळे वळतात, म्हणजे एका प्रकरणात पाठलाग, दुसऱ्यात लाजणं, तिसऱ्यात चर्च, आणि शेवटी गाठ मारतात. ती गाठ सुटतेच. दुःख हा चौथा पदर धरू नका. दुःख म्हणजे वाख, ज्याची दोरी वळायची तो. तिन्ही पदर त्याच वाखाचे पाहिजेत. नायिकेला रात्री झोप लागू देत नाही तो प्रश्न आणि खुनी ज्याच्यामुळे पकडला जातो तो प्रश्न, हे एकच असले पाहिजेत. हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक गोष्ट घेऊन दाखवते, माझ्याच वहीतली.

डबा

नायिका एस्तेर, चौतीस वर्षांची. तहसीलदार ऑफिसच्या समोर तिचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान, नुडी सॉफ्टवेअरवर कन्नड टाईप करते, इंग्लिश करते, मराठी अर्ज पण करून देते. नवरा सॅमी उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला होता. जुलै 2014 मध्ये शनिवारची शिफ्ट सुटल्यावर चौघं मित्र गाडी काढून चोर्ला घाटाकडे धबधबे बघायला गेले. तिघं परत आले. सॅमी मागं राहिला होता फोटो काढत, म्हणाले, दिसलाच नाही. बॉडी मिळाली नाही.

आता दुःख कसं दाखवणार? नवीन लिहिणारा लिहितो, "तिच्या हृदयाचे तुकडे झाले." झाले असतील बाई, पण मला दिसले नाहीत. मी काय केलं सांगते. तीन आठवड्यांनी चौघांतला एक जण घरी येतो आणि सॅमीचा जेवणाचा डबा देतो, कंपनीतल्या लॉकरमध्ये राहिला होता म्हणतो. स्टीलचा, तीन पुडाचा, कडीला लाल दोरा बांधलेला, कारण कंपनीत सगळ्यांचे डबे सारखेच. एस्तेर उघडते. आत स्वच्छ. कुणीतरी धुवून आणलेला, वास पण साबणाचा. आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओरडते, "धुतला कशाला? कुणी सांगितलं धुवायला?" आलेला माणूस घाबरतो, सगळे तिला धरून बसवतात, पाळकबाई डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करतात. कुणालाच कळत नाही की तिला एवढंच बघायचं होतं, शनिवारी तिनं दिलेली वांग्याची भाजी त्यानं खाल्ली की तशीच ठेवली. सकाळी दोघांचं भांडण झालेलं.

हे झालं दुःख. पुढं सात वर्षं तो डबा कपाटावर. सातव्या वर्षी एका रात्री, काहीही कारण नसताना, तिच्या डोक्यात येतं : कंपनीत दुसऱ्याचा डबा कोण धुतं? तीन आठवडे लॉकरमध्ये पडलेला डबा धुऊन आणायचा म्हणजे तो कुणाच्या तरी घरी गेला पाहिजे. म्हणजे लॉकरमध्ये नव्हताच. गाडीत होता. मग तो माणूस लॉकर का म्हणाला?

बघा, ज्या वस्तूला धरून ती रडत होती तीच वस्तू पुरावा झाली. नवीन काही आणावं लागलं नाही, ना चिठ्ठी, ना रक्ताचा डाग. तुमच्या गोष्टीत दुःखाची अशी एक वस्तू शोधा, फार मोठी नको, रोजच्या वापरातली, आणि पहिल्या तीस पानांत तिला फक्त दुःखाची वस्तू म्हणूनच वागवा. वाचकाला चुकूनही वास लागता कामा नये.

कागद

दुसरा धागा कागदाचा, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे कारण माझ्या मते आपल्या भागात बंदुकीपेक्षा कागदाची भीती जास्त खरी. आपल्याकडे मध्यमवर्गीय माणसाला गोळी कोण घालतंय? पण एक उतारा फिरला, एक सही खोटी झाली, की घर गेलं.

सॅमी गेल्यावर एस्तेर कॅम्पातल्या एका जुन्या घरात भाड्यानं राहते. मालकीण म्हातारी, बिनलग्नाची, रिटायर्ड शिक्षिका, सगळं गाव टीचरच म्हणतं. त्याच घरात आशिष आहे, चर्चच्या पायरीवर बसायचा म्हणून टीचरनी लहानपणी आणलेला, आता सतरा वर्षांचा. टीचर, एस्तेर, आशिष. आशिष टीचरना अज्जी म्हणतो, एस्तेरला अक्का. कुणी कुणाचं कोण लागत नाही. हे तुमचं निवडलेलं कुटुंब.

आणि इथं अमेरिकन पुस्तकाची नक्कल करणारा चुकतो. तो हे कुटुंब फक्त गोड दाखवतो, नाताळचा केक, करंज्या, सगळे एका घोंगडीत. अरे पण त्या कुटुंबाला कायद्यात उभं राहायला जागा नाही, तीच तर गोष्ट आहे! ख्रिस्ती माणसाच्या वारसाहक्काला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. माणूस मृत्युपत्र न करता गेला, बायको-मुलं नाहीत, आई-वडील नाहीत, तर मिळकत भावंडांकडे आणि त्यांच्या पोरांकडे. सांभाळलेला पोरगा, मुलीसारखी भाडेकरू, यांना एक खिळा पण नाही. दत्तक म्हणाल तर 1956 चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती लोकांना नाहीच, पूर्वी 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता यायचं, आणि आता जुव्हेनाईल जस्टिस कायद्यानं कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं खरं पण त्याला अर्ज, घराची तपासणी, सगळी प्रोसेस. टीचरनी त्यातलं काही केलेलं नाही. त्यांनी नुसतं जेवायला वाढलं. म्हणजे टीचर ज्या दिवशी डोळे मिटतील त्या दिवशी हे कुटुंब रस्त्यावर. धोका बाहेरून आणायची गरजच नाही.

टीचर 2021 च्या पावसाळ्याच्या तोंडावर जातात. पंधरा दिवसांनी त्यांचा पुतण्या, त्या चौघांतलाच एक, मृत्युपत्र घेऊन येतो. त्याला बहिणी आहेत, वाटण्या झाल्या असत्या, पण या कागदात सगळं एकट्याच्या नावावर. आणि झेरॉक्सला कुठं टाकतो? त्याचा पोऱ्या कागद घेऊन एस्तेरच्याच दुकानात येतो, त्याला काय माहिती. ती काचेवर कागद पालथा घालते, झाकण लावते, प्रिंट बाहेर येते, आणि खाली साक्षीदार क्रमांक दोन म्हणून तिच्या नवऱ्याची सही.

मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात हे धरून चाला. आणि साक्षीदार मेला किंवा सापडतच नाही असं झालं तर त्याची सही-अक्षर ओळखवून काम चालवता येतं. मग खोटं करणारा असाच साक्षीदार निवडणार ना, जो येऊन "ही माझी सही नव्हे" म्हणणार नाही. तारीख घातलीय मार्च 2014, सॅमी जायच्या चार महिने आधीची, तेव्हा तो त्या घरी येत-जात होता, पटण्यासारखं आहे. कागद इंग्लिशमध्ये टाईप केलेला. एस्तेरचं आयुष्य टायपिंगात गेलंय, ती सही बघून हादरते पण तिचा डोळा सवयीनं ओळी वाचत जातो, आणि पत्त्यात अडकतो. शहराचं नाव इंग्लिशमध्ये 'बेळगावी' लिहिलंय. मार्च 2014 मध्ये ती स्वतः रोज शंभर कागदांवर 'बेलगाम' टाईप करत होती. सरकारी नाव बदललं 1 नोव्हेंबर 2014 ला.

हा पुरावा कोर्टात टिकेल का? वकील म्हणेल, आधीपासून काही जण तसं लिहीत होते, आणि ते खरंच आहे. म्हणून त्यावर शेवट करू नका. त्याचं काम एवढंच, एस्तेरच्या मनात खडा पडला. आणि त्या खड्याच्या पाठोपाठ खरा प्रश्न येतो, जो मला लिहिताना रात्री अकरा वाजता सुचला आणि मी उठून दाराची कडी बघून आले : नाव बदलल्यानंतर कधीतरी कागद करणाऱ्या या माणसाला एवढी खात्री कशी होती, की सॅमी परत येणार नाही? सगळं गाव "येईल, येईल" म्हणत होतं. बायको सात वर्षं दोन ताटं मांडत होती. एकालाच माहिती होतं.

रहस्य आणि थरार यात फरक तो हाच. इथून पुढं कोण हे वाचकाला जवळजवळ कळलेलं आहे. तो आता वाट बघतोय की पुतण्याला कधी कळतं, की हिला कळलंय. तो चर्चच्या कमिटीत आहे, रविवारी हिच्या पुढच्या बाकावर बसतो, आणि उपासना संपल्यावर हात पुढं करून म्हणतो, "जय ख्रिस्त, एस्तेर. दुकान कसं चाललंय?" लिहा हा सीन. बंदूक लागत नाही.

(एक सांगते, चर्च कुठलं ते काल्पनिक ठेवा, नाव-पत्ता काही देऊ नका. आपलं गाव लहान. माझ्या एका मैत्रिणीनं खऱ्या खजिनदाराच्या चष्म्यासकट वर्णन केलेलं, वर्षभर त्या घरी नाताळचं ताट गेलं नाही.)

बॉर्डर

सीमाभागावर लिहायचं म्हणजे भाषण द्यायचं असं नाही. राजकारण ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं, थरारकथेला बॉर्डर वेगळ्याच कामाला येते. चोर्ल्याच्या टापूत कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिन्ही एकमेकांना लागून आहेत. माणूस कणकुंबीच्या पुढं एका ओढ्यात पडला आणि पाण्यानं नेला तर सापडणार दुसऱ्याच राज्यात, दुसऱ्याच ठाण्यात, बेवारस म्हणून, आणि इकडची मिसिंगची तक्रार कन्नडमध्ये, तिकडचा कागद मराठीत नाहीतर इंग्लिशमध्ये. दोन फाईली एकमेकींना भेटतच नाहीत. ही काय सस्पेन्ससाठी रचलेली अडचण नाही, इथं राहणाऱ्याला लगेच पटते. इकडे जमिनीचा आरटीसी उतारा, शिनोळीच्या पलीकडे महाराष्ट्रात गेलं की सातबारा. गाडी केए 22 आहे की एमएच 09 यावरून चहावाला पण ओळखतो पाहुणा कुठला.

आणखी एक बारीक गंमत. 2014 मध्ये फोनला रोमिंग लागायचं, कर्नाटक एक सर्कल आणि महाराष्ट्र-गोवा मिळून दुसरं. सॅमीनं शेवटचा फोन केला तेव्हा बॅलन्समधून रोमिंगचे पैसे कापले गेले होते. मित्रांनी जागा सांगितली ती बॉर्डरच्या अलीकडची. आता हा तपशील तुम्ही विसाव्या प्रकरणात सांगितला तर वाचक शिव्या घालेल. तिसऱ्या प्रकरणात सांगा, तोही तक्रार म्हणून, की एस्तेरला वाटतंय "चार रुपये होते, दोन मिनिटांत एक उरला, नाहीतर अजून बोलला असता." वाचक हळहळेल आणि आकडा विसरून जाईल.

पावसाबद्दल एकच : जुलैत खानापूर तालुक्यात नायक-नायिका पावसात नाचत नाहीत. जळवा असतात.

फ्रेडी, आणि तुम्ही-तू

नायक फ्रेडी. खानापूरकडचा कॅथलिक, घरात कोंकणी, बाहेर मराठी, कन्नड बोलतो पण वाचता येत नाही. गोव्याच्या लाईनवर टॅक्सी. 2014 मध्ये सॅमीला शोधायला जे गावकरी दोर घेऊन उतरले त्यात तो होता. ज्या बाजूला त्या तिघांनी बोट दाखवलं त्या बाजूला त्यानं चार दिवस शोधलं. चुकीच्या बाजूला शोधलं हे त्याला सात वर्षांनी कळतं, एस्तेरकडूनच. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. सांगताना एका वाक्यात सांगा, तो स्वतः पण तेवढंच सांगेल.

बेडरूमचं दार बंद ठेवायचं म्हटल्यावर बऱ्याच जणांचा घामटा निघतो की मग प्रेम दाखवायचं कसं. अहो, मराठीला केवढी मोठी सोय आहे! एस्तेर फ्रेडीला तुम्ही म्हणते. दीडशे पानं तुम्हीच. तो पण तिला तुम्ही. घाटात, धुक्यात, तो कड्याच्या अंगाला मागं मागं सरकतोय आणि ती ओरडते "थांब!" थांबा नाही, थांब. दोघं पण गप्प. गाडीत बसल्यावर तो फक्त एवढं विचारतो, "मघाशी काय म्हटलीस?" बस. यापुढं तुम्हाला मिठी लिहायची गरज उरत नाही. इंग्लिशवाल्यांना हे जमणारच नाही, त्यांच्याकडे सगळ्यांना एकच.

बाकी काळजी घ्यायची ती कामातून दाखवा. नळाला पाणी यायच्या दिवशी तो पहाटे येऊन टाकी भरून जातो. ती त्याला सॅमीच्या मिसिंगच्या कागदांचं कन्नड वाचून दाखवते, बोट ओळीवर ठेवून, आणि तो बोटाकडे बघतो.

लग्नाची घोषणा ही तर फुकटात मिळालेली टिकटिक आहे. लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात. एस्तेर मेथडिस्ट, फ्रेडी कॅथलिक, म्हणजे आधी तिकडची परवानगी. आणि ती विधवा आहे हे कागदावर पाहिजे, बॉडी नाही म्हणजे दाखला नाही. सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला मेलेला धरता येतं, पण त्यासाठी तिलाच कोर्टात जाऊन म्हणावं लागणार, माझा नवरा मेला असं जाहीर करा. हे वाक्य तिच्या तोंडून काढताना मी तीन मसुदे फाडले. तर पहिला रविवार शांत जातो. दुसऱ्या रविवारी पुतण्या उठून उभा राहतो आणि अगदी नम्रपणे म्हणतो, सॅमी जिवंत असू शकतो, त्याची सही असलेला कागद माझ्याकडे आहे, माणूस कुठं ना कुठं असेल, बहीण घाई करतेय. म्हणजे ज्यानं त्याला शेवटचं बघितलं तोच त्याला जिवंत म्हणतोय. तिसऱ्या रविवारपर्यंत सात दिवस. तुमचं शेवटचं शंभर पान तिथं बसलं.

देव कुठं बसवायचा

सगळ्यात जास्त गोष्टी इथं मरतात. एक तर लेखक नायिकेला गुडघ्यावर बसवतो आणि प्रार्थना संपायच्या आत फोन वाजतो, पुरावा हजर. देवाला हवालदार करू नका. माझा नियम असा की प्रार्थनेनंतर लगेच कुठलाही धागा सापडता कामा नये, सापडला तर सकाळी भांडी घासताना सापडू दे.

दुसरं म्हणजे प्रवचन. पाळक तोंड उघडतात आणि दोन पानं जातात. आपल्याकडे मयताच्या घरी लोक काय बोलतात ऐका ना, "देवाची इच्छा", "प्रभूला आवडला म्हणून नेला", "रडू नको, तो चांगल्या जागी आहे". प्रेमानं बोलतात पण ऐकणाऱ्याला दगड लागतो. एस्तेरला हे सगळं ऐकवा आणि तिला उत्तर देऊ नका. ईयोबाचे मित्र आठवा, सात दिवस सात रात्री जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत ते चांगले मित्र होते, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. टीचरना मी तसं ठेवलं. सॅमी गेला त्या आठवड्यात त्या आल्या, शेंगा सोलत बसल्या, संध्याकाळी उठून गेल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. आठव्या दिवशी म्हणाल्या, "वरची खोली रिकामी आहे, येऊन राहा की." श्रद्धेबद्दल टीचरचं पुस्तकभर एवढंच भाषण.

शास्त्रात रडण्याला किती जागा आहे ते आपण विसरतो. नामी सरळ म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणजे 'कडू' म्हणा, देवानं मला फार क्लेश दिले. मार्था येशूला तोंडावर सांगते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, पुढं उजेडाची ओळच नाही, तरी ते स्तोत्रांच्या पुस्तकात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. एस्तेर सात वर्षं चर्चला जाते, गाणी म्हणते, पण "तुझी इच्छा पूर्ण होवो" आलं की ओठ मिटून घेते. शेजारी उभ्या आशिषला हे दिसतं, लहानपणापासून. त्यानं कधी विचारलेलं नाही. शेवटच्या प्रकरणात ती ओळ ती म्हणते की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही, दोन्ही शेवट लिहून बघितलेत.

निवडलेल्या कुटुंबासाठी वचन शोधायला लांब जावं लागत नाही, क्रुसावरून येशू आईला म्हणतो हा तुझा मुलगा आणि शिष्याला म्हणतो ही तुझी आई, आणि तो शिष्य तिला घरी घेऊन जातो. पण हे एकदाच, योग्य वेळी, आणि शक्यतो आशिषसारख्या पोराच्या तोंडून, अर्धवट आठवलेलं. तुमच्या गोष्टीत आठ वचनं असतील तर सहा काढा.

धर्मांतरावर जपून. तिकडच्या पुस्तकात नास्तिक नायक शेवटी विश्वासात येतो आणि वाजतगाजत लग्न होतं. इथं 2022 साली कर्नाटकात धर्मांतरविरोधी कायदा झाला, या विषयाला इथं वेगळं वजन आहे, प्रेमासाठी धर्म बदलला असं चित्र काढणं म्हणजे गोष्टीपेक्षा भांडण मोठं होणार. मला तर त्यात रस पण कमी वाटतो. घरातल्या घरात कितीतरी आहे, मेथडिस्ट सासरी रोझरी चालेल का, मेणबत्ती कुठं लावायची, 2 नोव्हेंबरला कॅथलिक कबरस्तानात दिवे लावतात तेव्हा एस्तेरनं फ्रेडीच्या बायकोच्या कबरीवर जावं का. ती जाते. फुलं कुठली न्यायची हे फ्रेडीला विचारत नाही, त्याच्या मुलीला विचारते.

आणि पुतण्या. त्यानं सॅमीला ढकललेलं नाही. सॅमी घसरला, फांदी धरून होता, हाक मारत होता, आणि हा बघत उभा राहिला, टीचरच्या घराचा विचार तेव्हाच डोक्यात आला की नंतर, हे त्याला स्वतःला पण नक्की सांगता येत नाही. असा खलनायक ठेवला तर क्षमेचा प्रश्न खरा होतो. निव्वळ राक्षसाला क्षमा करणं सोपं असतं कारण कुणी तुमच्याकडे मागतच नाही.

बोली

संवाद बेळगावी ठेवा. एस्तेर "मी येतो", "मी बघतो" असंच म्हणणार, आपल्याकडच्या बायका तशाच बोलतात, कोल्हापुरात पण. पुण्याचा मुद्रितशोधक ते "येते" करून पाठवेल, परत "येतो" करा. वाक्याच्या शेवटचा 'की' सगळीकडे पेरू नका, टीचरना आणि आशिषला द्या, पुतण्याला प्रमाण मराठी बोलू दे, जरा जास्तच शुद्ध. प्रार्थनेची भाषा मात्र वेगळी, घरात "काय गा" करणारा माणूस डोळे मिटले की "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या" सुरू करतो, आणि तसंच लिहायचं. फक्त संकटाच्या वेळी ती भाषा तुटू दे. घाटात एस्तेरची प्रार्थना दोन शब्दांची आहे, "देवा, दोर." आमेन पण नाही.

लिहायला कुठून सुरुवात करावी विचाराल तर डब्यापासून. मी कादंबरी पुढून लिहीत गेले ती तीनदा अडकली, मग शेवटचा सीन आधी लिहिला. घर कुणाला मिळालं ते कोर्टात अजून चाललंय. ओढ्याच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या राज्यातल्या एका ठाण्यात, बेवारस म्हणून नोंद झालेली एक फाईल सापडली आहे आणि कबरीला आता जागा आहे. टीचरच्या खोलीत आशिष अभ्यास करतोय, फ्रेडी सकाळच्या भाड्याला निघालाय. एस्तेर कपाटावरून तीन पुडाचा डबा काढते, कडीचा लाल दोरा कुजलाय म्हणून कात्रीनं कापते, घरात दुसरा मिळत नाही तर दुकानातला फाईल बांधायचा पांढरा दोरा बांधते. वांगं नव्हतं, दोडका होता. "उरलं तर तसंच घेऊन ये," ती फ्रेडीला सांगते, "धुवू नको."